कंठातील ग्रंथी आणि चिमूटभर मीठ



कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम. शास्त्रीय मराठीत ती अवटु ग्रंथी. घरोघरी मात्र 'थायरॉईड' हाच शब्द रूढ आहे, आणि तोही रोगाचे नाव असल्यासारखा! वास्तविक थायरॉईड प्रत्येकालाच असते.

रक्तातील आयोडीन ओढून घेऊन ही ग्रंथी प्रामुख्याने टी-४ हे संप्रेरक तयार करते. त्याच्या रेणूत आयोडीनचे ४ अणू असतात. यकृतादी अवयवांत त्यातील एक अणू गळला की टी-३ होते आणि पेशींना प्रत्यक्ष कामाला लावते ते हेच. हृदयाची गती, शरीराची ऊब, बालकाच्या मेंदूची वाढ यांवर त्याची सत्ता चालते. या सत्तेवर देखरेख असते ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीची. टी-४ कमी पडले की ती टीएसएच अधिक सोडते, पुरेसे झाले की हात आखडता घेते. म्हणूनच अहवालात टीएसएच वाढलेले दिसले, तर अवटु ग्रंथी बहुधा मंदावलेली असते. अनेकांचा येथे नेमका उलटा समज होतो.

आयोडीनच मिळाले नाही तर टीएसएचचा तगादा चालू राहतो आणि ग्रंथी फुगत जाते. हाच गलगंड. हिमालयाच्या परिसरात हिमनद्या व पाऊस यांनी मातीतील आयोडीन वाहून नेले आहे. तेथील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये प्रयोग आरंभिला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोहोंना आयोडीनयुक्त मीठ, तिसऱ्यास साधे. काही वर्षांतच पहिल्या दोन भागांत गलगंड लक्षणीय घटला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

गळ्यावरची सूज निदान दिसते. गर्भावस्थेतील हानी दिसत नाही. आरंभीचे काही महिने गर्भाचा मेंदू मातेच्या टी-४ वरच वाढतो. 'दिवस राहिलेत, औषधे नकोत' असे म्हणून घरातील वडीलधारी स्त्री मायेपोटी सुनेची थायरॉईडची गोळी थांबवते. ही चूक महागात पडते. या काळात मात्रा उलट बहुधा वाढवावी लागते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते.

काही बालकांत ही ग्रंथी जन्मतःच अपुरी असते. मूल वरवर निरोगी दिसते. टाचेतील रक्ताच्या थेंबाने दोष कळतो आणि पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले, तर ते मूल इतर मुलांसारखेच शाळेत जाते.