वसतिगृह की बँकेचे खाते?

(ठाणे जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



उच्च शिक्षणाचा प्रश्न निघाला की आपण फी, प्रवेश आणि नोकरी यांवर बोलतो. विद्यार्थी राहतो कोठे, जेवतो कोणाच्या पंगतीला आणि तास संपल्यावर वाद घालतो कोणाशी, हा प्रश्न मात्र गौण समजला जातो. माझ्या मते अर्धे शिक्षण तेथेच होते किंवा तेथेच हुकते.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. परीक्षा घ्यावयाची आणि पदवी द्यावयाची, एवढेच त्याचे आरंभीचे काम. ऑक्सफर्ड-केंब्रिजला अध्यापक आणि विद्यार्थी एका आवारात राहत, एका भोजनगृहात जेवत. ती व्यवस्था साहेबाने स्वतःच्या मुलांसाठी ठेवली आणि आपल्याकडे परीक्षेचे यंत्र धाडले. पुढे विद्यापीठ स्वतः शिकवूही लागले, पण मूळची आखणी फारशी हलली नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या महाविद्यालयांतील बहुसंख्य विद्यार्थी आजही गाडीने येतात, तास करतात आणि गाडीने परततात. मुंबईत प्रवेश मिळालेल्या कल्याणच्या मुलाचे तर जाण्यायेण्यातच रोजचे तीन तास खर्ची पडतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून प्रवासी मेले. दारात लोंबकळणाऱ्यांत विद्यार्थी किती असतात, हे सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहिलेल्याला सांगावे लागत नाही.

कोणी विचारील, या मुलांना घरे आहेत, मग वसतिगृह कशाला? घरे आहेत, हे खरे. पण कळव्याच्या चाळीतील एका खोलीत रात्रपाळीचा बाप दिवसा झोपलेला असतो आणि रात्री शेजारच्या खोलीतला दूरदर्शन संच थांबत नाही. तेथे पुस्तक उघडावयाचे केव्हा? घरात मुलगी शिकत असेल तर पाणी, स्वयंपाक आणि धाकटी भावंडे आधी, पुस्तक नंतर. मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी मुलाचे घर तर महाविद्यालयापासून इतके दूर, की राहण्याची सोय झाली नाही तर शिक्षणच सुटते.

महाराष्ट्राला हे नव्याने शिकवावयास नको. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे काढली. ती जातवार होती. त्या काळी दुसरी वाट नव्हती. पुढचे पाऊल कर्मवीर भाऊराव पाटलांनी टाकले. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह काढले त्यात महार, मराठा, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एका छपराखाली राहिली, आपला स्वयंपाक आपण करू लागली आणि एका पंगतीला बसली. १९२७ साली गांधीजी तेथे आले आणि त्या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव लाभले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने मोडले, ही कथा आपण सभांतून सांगतो. परंतु त्या पंगतीने जातीच्या भिंतीला जो धक्का दिला तो वर्गातल्या व्याख्यानाने दिला नसता, हे सांगावयास विसरतो. आणि साने गुरुजी? अमळनेरच्या छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले तेव्हा ते मुलांच्या खोल्या झाडीत, आणि मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहिलेले ‘छात्रालय दैनिक’ काढीत. आज एखाद्या प्राध्यापकाने असे करावयाचे ठरविले तर त्याच्या सेवापुस्तिकेत त्याची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची, असा प्रश्न कार्यालयाला पडेल!

आता शासनाची दिशा पाहा. २०१८ साली आदिवासी विकास विभागाने वसतिगृहांतील भोजनगृहे बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात टाकण्याचे ठरविले. त्याविरुद्ध आदिवासी विद्यार्थी त्या वर्षी जुलैमध्ये पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. ज्यांना फुकटे म्हणून हिणविले जाते त्या मुलांनी हाती येणारे पैसे नाकारून एकत्र शिजणारे अन्न मागितले. त्याआधी, २०१६-१७ पासून, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’ योजना आली. ठाण्यासारख्या शहरात तीत निवासासाठी वर्षाला २०,००० रुपये धरले गेले, म्हणजे महिन्याला सतराशेसुद्धा नाहीत. तेवढ्यात ठाण्यात खाट मिळते का, ते आपणच विचारून पाहा. शिवाय दलित आडनाव ऐकताच ज्यांच्या खोल्या एकाएकी ‘भरलेल्या’ असतात त्या घरमालकांचे काय करावयाचे, याचे उत्तर बँकेच्या खात्याजवळ नाही. ही मदत बंद करा, असे मी म्हणत नाही. वाढवाच. पण तिच्या आडून वसतिगृह बांधण्याची जबाबदारी शासनाने झटकू नये.

दुसरीकडे, भरभक्कम फी घेणारी खाजगी विद्यापीठे ‘निवासी शिक्षण’ हेच आपले वैशिष्ट्य म्हणून विकतात. म्हणजे एकत्र राहून शिकणे मोलाचे आहे हे त्यांना पुरते ठाऊक आहे. फक्त ते कोणाला मिळावे, याविषयी त्यांचा आपला मतभेद आहे.

ठाण्यात आणि कल्याणात मुंबई विद्यापीठाचे उपपरिसर झाले. त्यांच्या प्रत्येक आराखड्यात व्याख्यानकक्षाइतकेच वसतिगृह महत्त्वाचे मानले जावे, ही आपली मागणी असावी. ते सर्व जातिधर्मांचे असावे, राखीव जागा पूर्ण भरून. भोजनगृह मुलामुलींच्या निवडलेल्या समितीने चालवावे. मुलींच्या वसतिगृहाला तुरुंगाचे नियम नकोत. संध्याकाळी सातला दार बंद करून ग्रंथालय नऊपर्यंत उघडे ठेवण्यात काय अर्थ?

हे होईपर्यंत थांबून राहावयाचे कारण नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) घरी जागा नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी दिवसभराच्या अभ्यासकेंद्रांची शिफारस केली होती. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. लोकवर्गणीच्या बळावर काय उभे राहते ते या गावांना ठाऊक आहे. ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेने वस्तीतील मुलांना रत्नाकर मतकरींच्या मार्गदर्शनाखाली ‘वंचितांचा रंगमंच’ मिळवून दिला. मुलांनी आपल्या जगण्यावरची नाटके स्वतः रचली आणि केली. छप्पर एक नसले तरी तालीम एक होती.

तेव्हा प्रत्येक शाखेने आपल्या भागातील महापालिका शाळांचे संध्याकाळी रिकामे राहणारे वर्ग मोजावेत, आणि रात्री अकरापर्यंत अभ्यासिकेसाठी ते मिळावेत म्हणून आयुक्तांकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जावर सह्या आपल्या नकोत. वस्तीत शिकणाऱ्या मुलामुलींच्याच घ्याव्यात, आणि अर्ज द्यावयास त्यांनाच पुढे करावे.