रिमवरचा जुना सरस

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवितांना ती आधीं तापवितात आणि चढली कीं वर पाणी ओततात. निवतां निवतां धाव आवळते व चाकाला घट्ट मिठी मारते. शर्यतीच्या सायकलीस लागणाऱ्या ट्युब्युलर टायरच्या नशिबीं अशी मिठी नाहीं. हा टायर म्हणजे ट्यूब पोटांत घेऊन शिवलेली कापडी नळी, आणि तिच्यावर रबराचा थर. नेहमींच्या टायरची कड रिमच्या कडेखालीं अडकते. येथें तशी कडच नसते, नुसती उथळ पन्हळ असते. टायर जागेवर राहतो तो हवेच्या दाबानें आणि सरसानें. पूर्वीं बंदिस्त ट्रॅकवरील शर्यतींसाठीं या कामीं लाखही वापरीत. हल्लीं रबरी सरस किंवा चिकटपट्टी वापरतात.

अंधेरी-बोरिवलीस सायकलीनें स्टेशन गांठणाऱ्याला या सरसाशीं कर्तव्य नाहीं. पंक्चरवाल्याचें सोल्युशन तेवढें त्याच्या ओळखीचें. अलीकडे शर्यतपटूही पुष्कळसे ट्यूबलेस टायरकडे वळले आहेत. परंतु पहाटे आरे वसाहतींत किंवा मुलुंडहून ठाण्याच्या बाजूस सराव करणाऱ्या एखाद्या तरुणाला जुन्या ट्युब्युलर चाकांची जोडी स्वस्तांत मिळते, आणि रिमवर आधींच्या धन्याचा सरस थरावर थर बसलेला असतो. त्यावरच नवा सरस फांसून टायर चढविण्याचा मोह होतो. तो जिवावर बेतूं शकतो. १४ जुलै २००३ रोजीं टूर द फ्रान्स या शर्यतींत, गॅप शहराकडे उतरतांना, जोसेबा बेलोकी या स्पॅनिश शर्यतपटूचें मागलें चाक उन्हानें मऊ झालेल्या डांबरावर घसरलें, टायर रिमवरून सुटला, आणि मांडीचें हाड मोडून त्याची शर्यत तेथेंच संपली. ब्रेकच्या घर्षणानेंही रिम तापते व सरस ढिला पडतो. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरणाऱ्यास हें निराळें सांगावयास नको.

पहिला प्रश्न, जुना सरस काढावा कीं नाहीं हा. थर पातळ, सारखा व चिवट असेल, नखानें उचलत नसेल आणि नवा सरसही त्याच जातीचा असेल, तर तो खुशाल राहूं द्यावा. नव्या सरसाला तो चांगला पाया होतो. रिम आरशासारखी लखलखली पाहिजे हा हट्ट व्यर्थ आहे. मात्र सरस ठिसूळ होऊन खपल्या धरीत असेल, त्याच्या गांठी झाल्या असतील किंवा तो कोणत्या जातीचा हेंच ठाऊक नसेल, तर तो काढलाच पाहिजे. मुंबईच्या पावसाळ्यांत टायरच्या कापडी पट्टींत पाणी मुरतें व सरसाची पकड जाते. अशा चाकावर दया दाखवूं नये.

ॲल्युमिनियमची रिम असल्यास चाक गच्चीवर दुपारच्या उन्हांत ठेवावें. मऊ पडलेल्या गांठी अंगठ्यानें वळवून किंवा बोथट लाकडी पट्टीनें खरवडून निघतात. उरलेल्यास ॲसिटोन. हार्डवेअरच्या दुकानांतील शुद्ध ॲसिटोन घ्यावें; नखांचा रंग काढावयाच्या बाटलींत बहुधा तेल व सुगंध मिसळलेला असतो, आणि रिमवर तेलाचा अंश राहिला कीं नवा सरस धरत नाहीं. रॉकेलचाही दोष हाच. कापडाची पट्टी भिजवून वीतभर भागावर कांहीं मिनिटें ठेवावी, मग खरवडावें, मग पुढची वीत. फडकें वारंवार बदलावें, नाहीं तर एका जागचा सरस दुसरीकडे जातो, एवढेंच. आऱ्यांच्या भोकांत द्रव ओघळूं देऊं नये. कार्बनच्या रिमवर उष्णता नको, पोलादी पातें नको, भिजत घालणें तर नकोच. ओलसर फडकें फिरवावें व लगेच पुसावें. रंग काढण्याचीं जहाल द्रव्यें तिच्या जवळही आणूं नयेत, कारण तिचा सांधाच राळेचा असतो.

सर्वांत मोठा धोका रिमला नाहीं, घराला आहे. ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळतें, पण त्याची वाफ शून्याखालच्या तपमानांतही पेट घेते. ती हवेहून जड असल्यानें जमिनीलगत पसरत जाते. घाटकोपरच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत गॅसची शेगडी आणि देव्हाऱ्यांतील समई किती पावलांवर असते! काम गच्चीवर किंवा उघड्या अंगणांत, हातमोजे घालून करावें, आणि भिजलेलीं फडकीं बाहेरच पूर्ण वाळूं द्यावीं.

रिम साफ झाली कीं सरसाचे पातळ थर एकामागून एक द्यावे व मधला वेळ डबीवर लिहिला असेल तेवढा पुरा द्यावा. टायर चढविल्यावर हवा भरून चाक एक अहोरात्र ठेवावें. मग हवा सोडून, दोन्ही अंगठ्यांनीं टायर रिमवरून बाजूस ढकलून पाहावा, सगळ्या घेराभर. जेथें फट दिसेल तेथें सरस पुन्हां लावावा.