गाडी पळेल, पण थांबेल का?

अमेरिकेतली १९५४ ची अर्ध्या टनाची शेवरोले पिकअप घ्या. मागच्या ॲक्सलचे प्रमाण ४.११, म्हणजे शाफ्टचे ४.११ फेरे तेव्हा चाकाचा एक. हौशी मालक ३.०८ चा बसवतो. शाफ्टवरची बंद नळी जाते, गिअरबॉक्सही बदलावा लागतो. मग इंजिनाच्या त्याच फेऱ्यांत ताशी ४५ मैलांचे ६० होतात. थांबवायची ऊर्जा मात्र सुमारे पावणेदोन पट! आणि मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. एक पाइप फुटला की पेडल तळाला, चारही चाके मोकळी. उरतो तो हँडब्रेक. (तो जुन्या गाडीत कसा असतो, तुम्ही जाणताच.)

म्हणून आधी दोन सर्किटांचा सिलिंडर आणि पुढे डिस्क लावा. मागच्या ड्रमचा दाब बेताचा ठेवा, नाहीतर मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी फिरते. ॲक्सल त्यानंतर.