पुडीतले केस आणि डोक्यावरचे केस



आपल्या डॉक्टरांच्या संघटनेचा वर्षभराचा ताळेबंद छापील अहवालात आहे. तो पुन्हा वाचण्यात मी तुमचा वेळ घेणार नाही. मला मिळालेली मिनिटं मी एकाच विषयाला देणार आहे : आनुवंशिक टक्कल, आणि ते घेऊन आलेल्या माणसाशी आपण कसं बोलतो.

मागच्या पावसाळ्यात बावीस वर्षांचा एक मुलगा आईबरोबर दवाखान्यात आला. आईने पिशवीतून वर्तमानपत्राच्या कागदाच्या सात पुड्या काढल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या. प्रत्येक पुडीवर बॉलपेनने वार लिहिलेला, खाली आकडा. सोमवार ८४. न्हायलेल्या दिवशी १३०. मोरीच्या जाळीतून, उशीवरून, कंगव्यातून तिने ते केस रोज वेचले होते. मुलगा मान खाली घालून बसलेला. टोपी काढ म्हणून दोनदा सांगावं लागलं.

मी एक पुडी उघडून केस पांढऱ्या कागदावर पसरले. बहुतेक काळेभोर, जाड, लांब. पण त्यांच्यात काही बोटाच्या पेराएवढे होते, जावळासारखे मऊ आणि फिकट. निदान त्या आखूड केसांत होतं, आईच्या आकड्यांत नव्हतं. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणं हा शरीराचा नेहमीचा व्यवहार आहे. केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, सुमारे तीन महिने तो नुसता मुळाशी टिकून असतो आणि मग गळतो. त्याच जागी नवा येतो. आनुवंशिक टकलात हा नवा केस येतो, पण आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येतो. टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणारं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी, कपाळावरच्या आणि टाळूच्या संवेदनशील मुळांचा वाढीचा काळ दर फेरीला कमी करत जातं. मूळ आक्रसत जातं. शेवटी उरते ती नुसती लव.

डर्मोस्कोप टाळूवर ठेवून मी हे त्या माउलीला पडद्यावर दाखवलं. डोक्याच्या मागच्या भागात सगळे केस एका जाडीचे. टाळूवर जाड-बारीक यांची सरमिसळ. ती बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझ्या भावाला टक्कल आहे. घरात सगळे म्हणतात, हे तुमच्या माहेरचं आलं. खरंय का हो डॉक्टर?"

हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेला आहे, आणि त्याचं नीट उत्तर देणं हा उपचाराचाच भाग आहे असं मी मानते. अँड्रोजेनच्या, म्हणजे पुरुषी संप्रेरकांच्या, ग्राहकाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला ते आईकडून मिळतं, एवढं खरं. पण टकलाशी संबंध असलेली जनुकीय ठिकाणं शेकड्यांनी सापडली आहेत. त्यांतली बरीचशी इतर गुणसूत्रांवर आहेत, म्हणजे ती वडिलांकडूनही येतात. मी तिला एवढंच सांगितलं : मामाकडून आलं तसं काकाकडूनही येतं, दोष कुणाचाच नाही. त्या वाक्यानंतर ती खुर्चीत टेकून बसली. तोवर ती खुर्चीच्या काठावरच बसली होती.

हे ज्ञान आपल्याकडे आलं ते कुणीतरी रुग्णाकडे लक्ष देऊन पाहिलं म्हणून. १९४२ साली अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवून दिलं, की वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण काढले गेले त्या पुरुषांना टक्कल पडत नाही. मात्र त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं तर घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस विरळ होऊ लागतात. १९७४ साली ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावातल्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे काही मुलगे जन्मतः मुलींसारखे दिसत आणि वयात येताना पुरुष होत. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं विकर त्यांच्यात कमी होतं. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट लहानच राही आणि कपाळ मागे सरकत नसे. या निरीक्षणाच्या वाटेने फिनास्टेराइड आलं : आधी प्रोस्टेटसाठी पाच मिलिग्रॅम, मग १९९७ साली केसांसाठी एक मिलिग्रॅम. मिनॉक्सिडिल तर रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर, चेहऱ्यावर केस वाढू लागले आणि १९८८ साली अमेरिकेत त्याचं डोक्याला लावायचं औषध मंजूर झालं.

औषधं आहेत, पण ती देताना आपण अर्धं बोलतो. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते. जुने केस जागा सोडतात. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण घाबरून महिन्याभरात बाटली टाकून देतो. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि औषध थांबवलं की मिळालेलं हळूहळू निघून जातं. फिनास्टेराइडने मोजक्या पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात, काहींचं मन उदास होतं. हे डोळ्यांत बघून सांगायला हवं. प्रोस्टेटसाठी करतात त्या रक्ततपासणीतला पीएसएचा आकडा निम्म्यावर येतो, हेही. गरोदर बाईने त्या गोळीपासून दूरच राहायचं. आणि तेलाबद्दल विचारलं तर हसू नका. खोबरेल तेल केसाच्या काडीला जपतं, मुळाचं आक्रसणं थांबवत नाही. इतक्या सरळ शब्दांत सांगितलं की आजीलाही पटतं.

बायकांच्या बाबतीत माझ्या हातून चूक झाली आहे, ती इथे सांगते. पंधरा वर्षांपूर्वी एक तरुण शिक्षिका भांग रुंदावतोय म्हणून आली. कपाळाची कड शाबूत होती, गर्दी फार होती, मी म्हणाले, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." ती दोन वर्षांनी परत आली. मधल्या काळात एका केंद्रात तिने बचतीचे पैसे इंजेक्शनांवर घालवले होते आणि भांग दुप्पट रुंद झाला होता. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, थायरॉईड, बाळंतपण, तीन महिन्यांपूर्वीचा डेंग्यू किंवा टायफॉईड, यातलं मी काहीच विचारलं नव्हतं. ती दोन वर्षं माझ्या त्या एका वाक्याने गेली.

'केस किती दिवसांत गळले?' हा रुग्णाला विचारायचा पहिला प्रश्न किती मोलाचा आहे ते शेगाव तालुक्याने दाखवलं. २०२४ संपताना तिथल्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत हाताला येऊ लागले. कुणी पाण्याला, कुणी शाम्पूला बोल लावला, महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी गव्हाचे नमुने तपासून सेलेनियमकडे बोट दाखवलं. आनुवंशिक टक्कल असं कधी येत नाही. त्याला यायला वर्षं लागतात.

प्रत्यारोपणाबद्दल थोडंच बोलते. मागचे केस पुढे लावले तरी ते आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली मांडलं. म्हणजे आपण केस हलवतो, नवे निर्माण करत नाही. आजूबाजूचे केस विरळ होतच राहतात. विशीतल्या मुलाच्या कपाळावर पेनाने खालची रेघ आखताना त्याच्या पन्नाशीचा विचार करा. आणि सुरी कुणाच्या हातात असावी हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली सांगितलेलं आहे. डॉक्टर सही करून निघून जातात आणि तंत्रज्ञ काम उरकतात, हे चालू देणं मला मान्य नाही.

जेवणाच्या मंडपात प्रत्येकाच्या पानाशेजारी एक कागद ठेवला आहे. रुग्णाच्या हातात द्यायच्या मराठी माहितीपत्रकाचा तो मसुदा आहे : हे काय आहे, औषध किती दिवसांनी लागू पडतं, सुरुवातीची गळती, त्रास काय होऊ शकतो, आणि दरमहा खर्च किती, रुपयांत. पेन घेऊन त्यावर खाडाखोड करा. पुड्या घेऊन आलेल्या आईला जे वाक्य कळणार नाही ते सरळ कापा. उद्या सकाळी नऊच्या सत्राआधी ते कागद मला परत हवे आहेत.