पेशींच्या अंगावरच्या खुणा

बिहारमध्ये काळा आजाराचा रुग्ण दवाखान्यात येतो, तेव्हा त्याचा ताप बहुधा कित्येक आठवडे जुना असतो. हातपाय वाळलेले, पोट मात्र पुढे आलेलं. डॉक्टरांनी डाव्या बरगडीखाली हात दाबला, की वाढलेली प्लीहा बोटांना लागते.

या आजाराचा परजीवी लिश्मन आणि डोनोव्हन यांनी १९०३ साली जगापुढे आणला. मातीच्या भिंतींच्या भेगांत लपणारी, डासाहूनही लहान वालुमाशी तो माणसाच्या अंगात सोडते. तिथे तो जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशींतच मुक्काम ठोकतो. चोरानं पोलीस चौकीतच बिऱ्हाड थाटावं, तसं!

मग बाकीचे शिपाई, म्हणजे शरीराच्या इतर संरक्षक पेशी, करतात काय? ते त्यांच्या बिल्ल्यांवरून कळतं. पेशींच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना 'सीडी' क्रमांक देण्याची पद्धत १९८२च्या पॅरिस परिषदेपासून रुळली. रक्तातल्या पेशींना चमकणाऱ्या अँटिबॉडी चिकटवायच्या आणि फ्लो सायटोमीटरमध्ये एकेक पेशी लेझरसमोरून सोडायची. कोणती सीडी४, कोणती सीडी८, यंत्र भराभर मोजतं.

काळा आजारात सीडी८ पेशींवर पीडी-१ नावाची खूण वाढलेली आढळली आहे. ही लढून दमलेल्या पेशीची निशाणी. जोडीला इंटरल्यूकिन-१० हे शरीराचंच रसायन वाढतं आणि भक्षकपेशींचा जोर ओसरतो.

रुग्णाला एचआयव्हीही असेल, तर सीडी४ पेशींचा आकडा फार मोलाचा. तो २००च्या खाली राहिला, तर औषधानं गेलेला काळा आजार पुन्हा उलटण्याची भीती असते.