शिलकी अंदाजपत्रकातला खडखडाट



फेब्रुवारी उजाडला की नगरपरिषदांच्या अंदाजपत्रकांच्या बातम्या यायला लागतात. अमुक नगरपरिषदेचं इतक्या कोटींचं शिलकी अंदाजपत्रक मंजूर. तुटीचं अंदाजपत्रक मांडणारी नगरपरिषद माझ्या तरी वाचनात आलेली नाही. आणि त्याच पानावर खाली कुठेतरी दुसरी बातमी असते: निवृत्त कर्मचारी उपोषणाला बसले, ठेकेदारांची बिलं थकली, पाणीयोजनेची वीज तोडली.

दोन्ही बातम्या खऱ्या असतात. बँकेत पैसा दिसतो तो बहुतेक योजनांचा. हा रस्त्याचा, हा घरकुलाचा, हा घनकचऱ्याचा. ज्या कामासाठी आला त्यावरच तो खर्च करायचा. पगार, दिवाबत्ती, पंपाची वीज, डिझेल हा रोजचा खर्च मात्र घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळेभाड्यातून भागवायचा, आणि तिथे खडखडाट. अशा संस्थेला सरकार हात देतं तेव्हा ती उभी राहते, की हात सुटला की पुन्हा बसते, एवढंच आज पाहायचं आहे.

सुरुवात जकातीपासून करावी लागेल. पूर्वी प्रत्येक पालिकेच्या वेशीवर जकात नाका असे. ट्रक अडवणं, पावती फाडणं, चिरीमिरी, सगळं तिथे चालायचं. त्या नाक्यांबद्दल मला मुळीच उमाळा नाही. पण पालिकेला रोज संध्याकाळी रोकड मिळायची आणि ती तिच्या स्वतःच्या हक्काची असायची. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि बदल्यात सहायक अनुदान सुरू झालं. महापालिकांच्या बाबतीत हीच गोष्ट टप्प्याटप्प्याने घडली. 2010 पासून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, 2015 मध्ये तो बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, आणि 2017 मध्ये जीएसटी आल्यावर उरलंसुरलंही गेलं. भरपाईसाठी राज्याने कायदा केला, 2016-17 हे पायाभूत वर्ष धरलं आणि दरवर्षी 8 टक्के वाढ ठरवली. भरपाईची रक्कम वाईट नव्हती, हे मान्य करायला हवं. पण शहरात व्यापार वाढला काय आणि बसला काय, पालिकेला त्याचं सुखदुःख उरलं नाही. सगळ्यांचे डोळे महिन्याच्या हप्त्याकडे.

आता जळगावकडे वळू. नगरपालिका कर्जात कशी बुडते आणि सरकार तिला बाहेर कसं काढतं, याचं याहून मोठं उदाहरण आपल्या राज्यात मला दिसत नाही. 1989 ते 2001 या काळात तिथल्या तेव्हाच्या नगरपालिकेने हुडको या केंद्राच्या कर्जपुरवठा करणाऱ्या संस्थेकडून सुमारे 141 कोटी रुपयांचं कर्ज उचललं. घरकुलं, व्यापारी संकुलं अशी मोठी कामं हाती घेतली. सतरा मजली प्रशासकीय इमारतही उभी राहिली. 2003 मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली आणि नव्या महापालिकेच्या पदरात पडलं ते हे कर्ज. व्याज चढत गेलं, हप्ते थकले, प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणापर्यंत गेलं आणि महापालिकेची बँक खाती गोठवण्याची वेळ आली. घरकुलांच्या कामातल्या घोटाळ्याची फौजदारी बाजू वेगळी. 2019 मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्यात शिक्षा सुनावल्या. त्याच वर्षी राज्य सरकारने हुडकोशी एकरकमी तडजोड घडवून आणली, आणि महापालिकेच्या वाट्याची रक्कम तिला मिळणाऱ्या अनुदानातून हप्त्यांनी वळती करायचं ठरलं.

हा हस्तक्षेप यशस्वी म्हणायचा का? हुडकोचा फास सुटला, या अर्थाने हो. पण याच जळगावात महापालिकेच्या मालकीची व्यापारी संकुलं आहेत आणि त्यांत दोन हजारांहून अधिक गाळे. बहुतेक गाळ्यांच्या भाडेकराराची मुदत 2012 मध्ये संपली. नवं भाडं किती, जुनी थकबाकी किती, गाळे लिलावाने द्यायचे की नूतनीकरणाने, यावर वर्षानुवर्षं ठराव, स्थगिती आणि कोर्टकज्जे चालले. म्हणजे ज्या संस्थेचं कर्ज मिटवायला सरकारला पुढे व्हावं लागलं, तिच्या दारात तिचंच हक्काचं भाडं अडकून पडलं होतं. कर्ज हे दुखणं कागदावर दिसतं, मंत्र्यांना त्यावर घोषणा करता येते. भाडं वसूल करणं किचकट आणि अप्रिय काम. प्रत्येक गाळेधारक मतदार असतो, आणि त्याच्या ओळखीचा कुणीतरी मंत्रालयात असतोच.

मंत्रालयाचं नाव निघालंच आहे तर आणखी एक प्रकार सांगतो. नगरपरिषदेत दर चार वर्षांनी चतुर्थ वार्षिक करआकारणी होते. मोजणी झाली, नोटिसा गेल्या, हरकती आल्या, मोर्चा निघाला की पुढचं पाऊल ठरलेलं: मुंबईला शिष्टमंडळ आणि मुंबईहून स्थगिती. पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतली मिळकतकराची वसुली 2024 च्या मार्चमध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, अशीच थांबवण्यात आली. गावांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पाणी नाही, गटार नाही, मग कर कशाचा? पण वसुली थांबवून गटार होत नाही. वरून एका हाताने वसुलीला स्थगिती येते आणि दुसऱ्या हाताने वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठी अनुदान येतं. त्यातून स्वागतकमानी आणि पेव्हर ब्लॉक होतात, पंपाचं बिल तसंच राहतं.

सगळी माफी वाईट असते असं मात्र नाही. शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये अनधिकृत बांधकामांवर जबर शास्तीकर लावला होता. तो न परवडल्याने लोक मूळ करही भरेनात. 2023 मध्ये सरकारने शास्तीकर माफ केला, पण मूळ कर भरण्याची अट घातली. अडलेला मूळ कर निदान मोकळा झाला. जी माफी माणसाला पुन्हा करभरण्याच्या खिडकीशी आणते, तिला माझी हरकत नाही.

मग प्रशासक नेमण्याचा उपाय. 2022 च्या सुरुवातीपासून राज्यातल्या बहुतेक पालिका प्रशासकांच्या हाती होत्या. आर्थिक अडचण हे त्याचं कारण नव्हतं, आरक्षणाच्या खटल्यात निवडणुका अडकल्या होत्या. बहुतेक नगरपरिषदांसाठी मतदान झालं ते थेट 2 डिसेंबर 2025 ला. तोवर एकच अधिकारी सभागृह आणि तोच मुख्याधिकारी. मतांची भीती नाही, तर निदान वसुलीचे कडू निर्णय होतील अशी अनेकांची अपेक्षा होती. पण बदलीच्या नोकरीतला अधिकारी वरच्यांना नाराज करायला का जाईल? वर आणखी एक पेच: केंद्रीय वित्त आयोगाचं अनुदान रीतसर निवडून आलेल्या संस्थांसाठी. निवडणूक लांबली की तेही अडतं.

प्रशासकावरच भिस्त ठेवली तर काय होतं, याचा धडा अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने दिला. शहर डबघाईला आलं म्हणून मिशिगन राज्याने तिथे सर्वाधिकारी आपत्कालीन व्यवस्थापक बसवला. पैसा वाचावा म्हणून 2014 मध्ये डेट्रॉइटचं पाणी बंद करून नदीचं पाणी घेतलं गेलं. गंजरोधक प्रक्रिया केली नाही आणि जुन्या नळांतलं शिसं घराघरांतल्या पाण्यात उतरलं. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभेला येत होते, पण ज्याच्यापुढे त्या धरायच्या तो त्यांच्या मतांवर निवडून आलेलाच नव्हता.

आता आमच्या कुसगावचं. एका अंगाला लोणावळा नगरपरिषद, दुसऱ्या अंगाला द्रुतगती मार्ग. त्या मार्गाचा खोपोलीकडून येणारा नवा जोडरस्ता, मिसिंग लिंक, आमच्याच शिवारात येऊन मिळतो. महाविद्यालयं आहेत, वसतिगृहं आहेत, शनिवार-रविवारी उघडणारे बंगले आहेत. जनगणनेच्या हिशेबात कुसगाव बुद्रुक शहर आहे, कारभाराच्या हिशेबात ग्रामपंचायत. म्हणजे कचरा शहराचा आणि घंटागाडी गावाची. द्रुतगती मार्गाच्या टोलमधलं गावाला काही मिळत नाही. शेजारी लोणावळ्यात भुशी धरण रेल्वेचं, आयएनएस शिवाजी नौदलाचं. केंद्राच्या मालमत्तेवर घरपट्टी लावता येत नाही, राज्यघटनेच्या 285 व्या कलमाने तिला सूट आहे. सेवाशुल्क तेवढं मागता येतं, तेही पुरवलेल्या सोयींच्या प्रमाणात. पावसाळ्यात भुशीवर मुंबई-पुणं लोटतं, आणि त्यांनी मागे टाकलेली मक्याची कणसं, बाटल्या, पिशव्या उचलायला नगरपरिषदेचे सफाई कामगार पहाटे जातात.

ग्रामपंचायतींना सरकारने कशी मदत केली तेही बघा. पथदिव्यांची बिलं पूर्वी सरकार परस्पर भरत असे. 2021 मध्ये हुकूम निघाला की ती पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरा. थकबाकीपायी राज्यभर गावंच्या गावं अंधारात गेली होती, सरपंच रस्त्यावर उतरले होते. बिल भरलं, दिवे लागले, आणि गटारासाठी धरलेला पैसा तिकडे गेला. पुढे 2025 च्या नोव्हेंबरात घरपट्टीच्या जुन्या थकबाकीत 50 टक्के सवलत देण्याची योजना आली. मार्चअखेरीला उन्हात रांग लावून पूर्ण घरपट्टी भरणारी बाई आणि सात-आठ वर्षं न भरणारा बंगलेवाला, दोघांना एकाच नमुना 10 ची पावती मिळते. फरक एवढाच की सवलत त्याला मिळाली. पुढच्या मार्चला त्या बाईने काय करावं, हे मला तरी सांगता येणार नाही.

म्हणून माझं मत असं आहे. सरकारने पैसा जरूर द्यावा, पण तो वसुलीच्या प्रमाणात द्यावा. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाने शहरांना अशीच अट घातली होती: मालमत्ता करातली वाढ राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीशी जुळली पाहिजे, आणि लेखापरीक्षण झालेले हिशेब लोकांसमोर ठेवले पाहिजेत. अट योग्य होती. पण त्याच वेळी राज्य स्थगित्या देत राहिलं, तर पालिकेने ती पाळायची कशी? आकारणीवरच्या हरकतींचा निकाल ठरलेल्या मुदतीत आणि जागेवरच लागावा, मुंबईपर्यंत जाऊ नये. मोजणीला माणसं द्यावीत. आमच्याकडे बंगला तीन मजली होतो, नमुना 8 मध्ये मात्र तो पत्र्याची खोलीच राहतो.

कुसगावची नगरपंचायत करा, अशी मागणी कुणी केली तर माझा विरोध नाही. आमच्या मावळातलंच वडगाव 2018 पासून नगरपंचायत आहे. पण नुसती पाटी बदलून येणारं अनुदान दोन-तीन वर्षं पुरेल. त्याआधी गावाने नमुना 9 ची मागणी नोंदवही उघडून बघावी: मागणी किती, वसुली किती, सर्वांत मोठे वीस थकबाकीदार कोण, त्यांतले इथे राहणारे किती आणि बाहेरचे किती. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत तेवढी यादी मागून घ्या.