चौघांत एक यंत्र
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या विद्यार्थी वसतिगृहातील प्रत्येक मुलास स्वतंत्र टॅबलेट द्यावा, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली आहे. सूचकांचा हेतू स्तुत्यच आहे. परंतु आम्हांस थोडे निराळे सुचवावयाचे आहे.

१९९९ साली दिल्लीच्या कालकाजी भागात डॉ. सुगत मित्रा यांनी एनआयआयटी या संस्थेच्या कचेरीच्या भिंतीस भगदाड पाडून, पलीकडील झोपडपट्टीच्या बाजूस एक संगणक बसविला. शिकविणारा कोणी नव्हता. यंत्र एक, मुले पुष्कळ; एकाने चालवावे, भोवतालच्यांनी चुका दाखवाव्यात, असे करीत ती आपली आपणच शिकली. पडद्यावरील बाणास त्यांनी ‘सुई’ म्हटले आणि वाळूच्या घड्याळास ‘डमरू’! कोशकारांनी हेवा करावा असे हे शब्द.

आम्ही मात्र शेजाऱ्याच्या वहीत डोकावणाऱ्यास वर्षानुवर्षे बाकावर उभे केले. त्यांतील कित्येक केवळ समजून घेऊ पाहत होते, हे आम्हांस निवृत्तीनंतर उमगले.

अर्थात घोळक्यात दांडगा मुलगा पुढे घुसतो; मुली व धाकटी मुले मागे राहतात. तेथे शिक्षक हवाच. उत्तर सांगावयास नव्हे, पाळ्या लावून द्यावयास.

सबब चौघांत एक संगणक द्यावा, आणि वाचलेल्या रकमेतून मुलींच्या वसतिगृहातही तीच सोय करावी. तेथे आज एकही संगणक नाही. ही सूचना आम्ही चिटणिसांकडे लेखी दिली आहे.